शेपटीच्या पंख्याचं ग्रीस

दहिसरची श्वेता तोरसकर जुहूच्या हँगरमध्ये सहा वर्षं हेलिकॉप्टरची देखभाल करत होती. त्या दुपारी जेवून आल्यावर ती ग्रीसचे डबे कपाटात ठेवायला गेली आणि हातातल्या डब्यावरचा नंबर तिनं पुन्हा वाचला. सकाळी शेपटीच्या पंख्याच्या बेअरिंगमध्ये तिनं चाकांचं ग्रीस भरलं होतं. रंग सारखाच, पण डब्यावरचा नंबर वेगळा. न जमणारी दोन ग्रीसं एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहून जातात आणि बेअरिंग कोरडं पडतं.

हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ती थेट मॅनेजरकडे गेली.

"सर, चूक माझी आहे. चारचं उड्डाण होणार नाही."

"अगं, ग्रीस ते ग्रीस! पार्टी घरून निघालीय. उद्या बदल ना."

"देखभालीच्या पुस्तकात लिहिलंय तेच ग्रीस जाणार. हेलिकॉप्टर उडायला ठीक असल्याची माझी सही मी रद्द करतेय."

मॅनेजर बरंच काही बोलला. ते सगळं ऐकून घेऊन श्वेता शिडीवर चढली. बेअरिंग उतरवून धुवायचं, म्हणजे संध्याकाळ नक्की होती. तेवढ्यात हँगरमधले सगळ्यात जुने मेकॅनिक क्लेमेंट सर शिडीखाली येऊन उभे राहिले.

"दे खाली, मी धुतो," ते म्हणाले. "आणि भरताना नंबर मोठ्यानं वाच."

साडेसहाला तिनं नंबर वाचला. क्लेमेंट सरांनी पुस्तकात बघून मान डोलावली. तरी तिनं तो पुन्हा एकदा वाचला आणि मगच डबा उघडला.