कळशीखालचे फडके

आमच्या शिबिराच्या स्मरणिकेचा मजकूर छापण्यापूर्वी मला वाचायला पाठवला गेला. त्यात एक वाक्य आहे : ‘एका सकाळी स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा झऱ्यावर पाय घसरला, हाक ऐकताच सर्व शिबिरार्थी मदतीला धावले.’ हे वाक्य मला मान्य नाही. ते लिहिणारे माझे एक जुने सोबती त्या सकाळी माझ्यापासून वीस पावलांवर हिरड्याच्या झाडाखाली बसले होते. त्यांनाही ते मान्य असण्याचे कारण नाही.

शिबिर कुठे भरत असे, इथपासूनच लोक चुकतात. कोणी वेल्ह्याकडे सांगतात, कोणी आंबवड्याजवळ. ते भोरहून वरंध घाटाकडे जाताना, हिर्डोशीच्या अलीकडे, रस्त्यापासून तासाभराच्या चढणीवरील माळावर भरत असे. आता तिथून खाली धरणाचे पाणी दिसते. तेव्हा भाताची खाचरे दिसत. दर मे महिन्यात पुणे आणि भोरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतील चाळीसेक माणसे एसटीने येत आणि वळकट्या डोक्यावर घेऊन चढत. संध्याकाळी तबला-पेटीवर भजने होत. पाळकसाहेबांचा आवाज खर्जात लागला की मुलेसुद्धा गप्प होत. दुपारी करवंदांनी ओठ काळे झालेली मोठी माणसे शास्त्रपाठाला बसत आणि एकमेकांकडे पाहून हसू दाबत. माझ्या आयुष्यातील जे दिवस मी पुन्हा मागून घेईन, ते हेच. म्हणूनच त्यांच्याविषयी कोणी गोड खोटे लिहिले की मला सहन होत नाही.

शिबिराचा कणा होता सकाळची शांतवेळ. न्याहारीपूर्वी एक तास प्रत्येकाने आपापला दगड किंवा झाड धरून एकट्याने बसायचे. त्या तासात बोलायचे नाही, उठायचे नाही, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. जांभळीला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. त्यावर माझा टोला पडला की तास सुरू होई आणि माझ्याच टोल्याने तो संपे. मी शाळामास्तर, माझे घड्याळ रेडिओच्या वेळेला लावलेले असे. इतक्या उन्हाळ्यांत घंटा एक मिनिटही मागेपुढे झाली नाही, हे मी अभिमानाने सांगत असे. पाळकसाहेबही परतीची वाट संपेपर्यंत ते वाखाणत.

मावशी खालच्या वाडीतल्या. आमच्या धर्माशी त्यांचा संबंध नव्हता. पण आमच्या शांततेचा मान त्यांच्याइतका आमच्यापैकीही कोणी राखला नसेल. त्या तासात त्या भांडी घासत नसत, लाकडे फोडत नसत. आवाज न होणारे काम म्हणून त्या वेळी त्या झऱ्यावर पाण्याला जात. हंड्यावर कळशी ठेवताना मध्ये फडक्याची चुंबळ घालत, भांडे भांड्यावर वाजू नये म्हणून. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

त्या सकाळी तास संपायला दहा मिनिटे असताना खालून प्रथम भांडे दगडावर आपटल्याचा आवाज आला. आमच्यातील एक निवृत्त मुख्याध्यापिका आजही ठासून सांगतात, की तेवढाच आवाज आला, बाकी काही नाही. दुसरे एक गृहस्थ म्हणतात, मोर ओरडला. मोर ‘कोन हाय का हितं’ असे विचारत नाही. पहिली हाक मोठी होती. दुसरी तिच्यापेक्षा लहान. तिसरी आली नाही.

मी डोळे उघडले. पाळकसाहेबांनी मान वर केली होती. हिरड्याखालचे माझे सोबती अर्धवट उठून पुन्हा बसले. पाहता पाहता माळावरच्या सगळ्यांची नजर माझ्यावर आली, कारण घंटा माझ्याकडे होती. आणि मी घड्याळाकडे पाहिले.

स्वयंपाकघराकडून कोणी जाईल, असे मला वाटले. हे मी बचाव म्हणून लिहीत नाही. स्वयंपाकघरात मावशींखेरीज कोणी नसे, हे मला ठाऊक होते. मी दहा मिनिटे बसून राहिलो आणि ठरल्या क्षणी टोला दिला. मग मात्र सगळे धावले. स्मरणिकेतले ‘धावले’ एवढे खरे आहे.

मावशी दोन शिळांच्या मध्ये पडल्या होत्या, पाय अंगाखाली दुमडलेला. चेहरा राखेसारखा झाला होता. मला पाहून त्या म्हणाल्या, “वाजली व्हय घंटा? मंग उचला आता.” पुन्हा हाक का मारली नाहीत, असे मी विचारले. विचारायला मला लाज कशी वाटली नाही, ते देव जाणे. त्या म्हणाल्या, “दोनदा दिली हाळी. मंग ध्येनात आलं, तुमची येळ हाय. गप ऱ्हायले.”

पाय जुळला, पण आखूड जुळला. पुढच्या उन्हाळ्यात त्या लंगडत चढून आल्या आणि आणखी कितीतरी उन्हाळे येत राहिल्या. भाकरी वाढताना माझ्याजवळ थांबून म्हणत, “मास्तर, घड्याळ बघा, भूक लागायची येळ झाली का?” सगळे हसत. मीही हसत असे. घरी मात्र रोज सकाळी त्या घटकेला मला ती पहिली हाक ऐकू येते, मग दुसरी. तिसरीची वाट पाहत मी बसून राहतो. पत्नी हयात होती तोवर तिला वाटे, मी प्रार्थना करतो आहे.

यंदाच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. मे महिन्यात जुन्या शिबिरार्थींचा मेळावा त्याच माळावर भरला. स्वयंपाकाला मावशींची लेक होती. तीही आता साठीला आलेली. स्मरणिकेतल्या त्या वाक्यावरून सोबत्यांशी माझे पोचलो त्याच दुपारी वाजले. ते म्हणाले, “अहो, तुमच्याच भल्यासाठी तसं लिहिलं. आणि मावशी स्वतःसुद्धा तसंच सांगायच्या. विचारा लेकीला.” मी तिला विचारले. ती म्हणाली, “व्हय की. आई म्हनायची, हाक दिली आन् समदी पळत आली.”

म्हणजे मावशींनीही मला सोडवून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मानाने माझ्या हाती टोल्याचा खिळा देण्यात आला. म्हाताऱ्या गुडघ्यांसाठी शांतवेळ अर्ध्या तासाची केली होती. लेक हंडा-कळशी घेऊन खाली जाताना दिसली. मध्ये चुंबळ होती, आईची सवय. मी टोला दिला, बसलो, डोळे मिटले. दहा मिनिटे उरली असताना पहिली हाक आली. ती माझ्या डोक्यातली होती हे मला समजत होते. मी भ्रमिष्ट नाही. दुसरी आली. मी उठलो आणि रुळावर टोला हाणला.

सगळ्यांचे डोळे उघडले. सोबती घड्याळ पाहून हळूच म्हणाले, “मास्तर, अजून दहा मिनिटं आहेत.”

“माहीत आहे,” मी म्हणालो आणि झऱ्याची वाट उतरू लागलो.

लेक कळशी भरत होती. एवढ्या लवकर घंटा कशी झाली, म्हणून ती घाबरून उभी राहिली. मी तिला सांगितले, की तुझ्या आईने सांगितलेले खरे नाही. तिने दोनदा हाक मारली. आम्ही सर्वांनी ती ऐकली. घंटा माझ्या हातात होती, आणि मी दहा मिनिटे घड्याळ पाहत बसलो. ती दहा मिनिटे ती याच शिळांमध्ये गप्प पडून होती, आमची वेळ मोडू नये म्हणून.

कळशी भरून वाहू लागली तरी लेक त्या पाण्याकडेच पाहत राहिली. मग म्हणाली, “आई व्हती तवर का न्हाई बोललात?”

मी हंडा उचलून द्यायला हात पुढे केला; तिने तो घेऊ दिला नाही. स्वतःच डोक्यावर चढवला, त्यावर कळशी ठेवली. चुंबळ तिने खांद्यावर टाकली होती.

सबंध चढणभर कळशी हंड्यावर वाजत होती. वर माळावर एकेक जण उठून उभा राहत होता. मी तिच्या मागून चालत होतो.