पडद्यावरची लाल ओळ

नातवंडांनो, फोनवर बोलताना तुमची आत्या शेजारीच असते, म्हणून हे लिहून कळवते. पंचेचाळिशीत ती प्रोग्रामिंग शिकते आहे; जमलं नाही तर तिची नोकरी जाईल.

आज संगणकाच्या पडद्यावर पुन्हा लाल अक्षरांत चूक दाखवणारी इंग्रजी ओळ उमटली. तिला इंग्रजी मीच शिकवलेलं, त्या सवयीने मी ती ओळ मोठ्याने वाचली.

"आई, वाचता मलाही येतं गं. चुकलंय कुठे ते सांग!"

शब्दन् शब्द ओळखीचा होता, तरी मला काहीच सांगता येईना. आईचं शिकवणं एका इयत्तेपाशी संपतं. मुलांच्या परीक्षा मात्र चालूच राहतात. मी संत्रं सोलत बसले, तिच्या शाळेच्या दिवसांत बसायची तशी.

पडद्यावरची नजर न हलवता तिने हात पुढे केला. शिरा काढलेली फोड तिच्या तळहातावर ठेवणं मला अजून जमतं.