सुभाषची नव्वद इंजेक्शनं

निवृत्त डॉक्टर जमले की प्रत्येकाकडे एखादं मोठं ऑपरेशन असतं सांगायला. मी एम.डी., वर विलायतेची पदवी. पण माझे किस्से सगळे परभणीच्या एका रिमांड होममधले. सांगण्यासारखे आहेत की नाहीत, अजून खात्री नाही. पण एक आठवला की दुसरा निघतोच, आणि मग मला आवरत नाही.

तिथे झरीचा सुभाष होता. वय चौदा, सायकलचोरीत आलेला, छातीत टीबी. रोज एक अशी नव्वद इंजेक्शनं. मध्ये खंड पडला तर पोरगा हातचा जाईल, या धास्तीनं मी रोज सकाळी स्वतः जाऊन टोचायचो.

* * *

पहिल्याच आठवड्यात मी पोरांना आहारावर अर्धा तास भाषण दिलं. प्रथिनं, जीवनसत्त्वं, सगळं. शेवटी विचारलं, "काही शंका?"

सुभाष उठला. "साहेब, तुमचं समदं पटलं. पर आमच्या वरणात डाळ कवा येणार?"

अधीक्षक खिडकीबाहेर बघायला लागले. दुसऱ्या दिवशी मात्र वरणाला रंग आला!

* * *

पोरं गोळ्या जिभेखाली दडवून नंतर थुंकायची. म्हणून मी नियम केला: गोळी गिळली की तोंड उघडून दाखवायचं. काळजीवाहक सलीमचाचांनी तो पोरांच्या पार अंगवळणी पाडला.

एकदा न्यायाधीशबाई पाहणीला आल्या. रांगेसमोर थांबून मायेनं म्हणाल्या, "काय रे बाळांनो?"

वीसच्या वीस पोरांनी आ केला.

बाई माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, यांना जेवायला मिळतं ना?"

* * *

विद्यापीठ नामांतराच्या एका बंदमध्ये चाचांना सडकून ताप भरला. दुसरं कोणी कामावर पोचलंच नव्हतं. मी चालत गेलो, तर फाटकाच्या किल्ल्या सुभाषच्या हातात, आणि पोरं आळीपाळीनं चाचांच्या कपाळावर गार पट्ट्या ठेवतायत. माझा ऊर भरून आला. म्हटलं, "किल्ल्या हातात असून पळाला नाहीत रे?"

"कसं पळावं, साहेब? एसटी बंद हाय न्हवं."

चाचा तापातच उठून बसले. "चाबी इकडं आण आधी."

* * *

आणि एकाहत्तराव्या इंजेक्शनच्या सकाळी सुभाषची खाट रिकामी! मागच्या भिंतीवरून पळालेला. पोलीस झरीला जाऊन आले, बसस्टँड पालथं घातलं. माझ्या डोक्यात एकच: इंजेक्शनं. चूक माझीच, मी पोराला रोग नीट समजावलाच नाही.

तिसऱ्या दिवशी न राहवून सरकारी दवाखान्यात गेलो. कुठे खोकत पडला असला तर तिथेच आणतील. इंजेक्शनच्या खोलीबाहेर रांग होती. रांगेत सुभाष.

सिस्टर म्हणाल्या, "हा होय? तीन दिवस झाले, इंजेक्शनचं कार्ड घेऊन रोज येतोय. आज त्र्याहत्तरावं." त्यांनी वही दाखवली. पत्ता त्यानंच सांगितलेला: रिमांड होम, परभणी.

मी धावत जाऊन त्याचा खांदा धरला. "अरे, मग पळालास कशाला? मी देतच होतो की रोज."

सुभाषनं सिस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमी मानूस लय चांगले, साहेब. सत्तर सोसली की तुमच्यासाठी. पर टोचताना तुमचा हात लय कापतोय."