फोटोत चालते, खुर्चीत नाही

ताईचा तोंडावर ताबा नाही, असं आमची आई म्हणायची. मी म्हणते, नाही तेच बरं!

ताई एका हॉस्पिटलात नर्स आहे. त्याच हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत मी. आईबाप परमुलखातून आलेले, म्हणून आम्ही दोघी रंगानं काळ्या आणि आडनावानं परक्या. तरी हॉस्पिटलच्या दारातच ताईचा हा एवढा मोठा हसरा फोटो! खाली लिहिलेलं, 'इथे सगळे आपले'. मात्र वॉर्डची मुख्य नर्स नेमायची वेळ आली, की ताईनं जिला काम शिकवलं तीच तिच्या डोक्यावर बसायची. या वेळी मुलाखतीत साहेब गोड आवाजात म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही हो. पण प्रमुख म्हणून तुम्ही रुग्णांना रुचाल का?"

फोटोत चालते, खुर्चीत चालत नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी ओपीडीच्या ऐन गर्दीत ताई शिडी लावून फोटो उतरवायला चढली. शिडी मी धरली. साहेब धावत आले. "अहो सिस्टर, भिंत उघडी दिसेल!"

"मग तुमचा लावा," ताई वरूनच म्हणाली. "रुग्णांना रुचेल."

रांगेतली एक म्हातारी फिस्सकन हसली. ताईला मेमो मिळाला.

पुढे दुसऱ्या वॉर्डच्या मुख्य नर्सची जागा निघाली. आमच्यासारख्या परक्या आडनावाच्या बाकीच्या नर्सा कधी अर्जच करायच्या नाहीत. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणायच्या. ताई एकेकीच्या हात धुऊन मागे लागली. "एकटीला घालवणं सोपं असतं गं. सगळ्यांना घालवायचं तर कारण शोधावं लागेल त्यांना." मुलाखतीच्या दिवशी बाकावर जागा उरली नाही. साहेबांनी दार उघडलं आणि बघतच राहिले.

जागा मिळाली. ताईला नाही, आमच्यातल्याच, बालवॉर्डातल्या एका अबोल नर्सला, जिचा हा आयुष्यातला पहिलाच अर्ज होता.

मला रडूच फुटलं. "आयत्या बिळावर नागोबा मेली!"

"गप गं. चांगली आहे ती."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. खूप वाटलं. मला हवी होती ती खुर्ची." ताईनं मनगटानं डोळे पुसले. "अजूनही हवीय. पण मुख्य नर्सा मुलाखत घ्यायला बसतात. पुढच्या वेळी टेबलापलीकडे साहेबांशेजारी ती बसलेली असेल. आता तो प्रश्न तिच्यादेखत विचारा म्हणावं."