गोविंद घ्या, पण आधी सुई घ्या

आमच्या बंगळूरमधल्या राजाजीनगरच्या शुक्रवारच्या भजनी मंडळात दोन गोष्टी साठतच जातात, ओटीचे नारळ आणि वत्सलाक्कांचे किस्से. नारळांची बर्फी करून वाटता येते. किस्से मात्र वाटले की चार घरं फिरून वाढूनच परत येतात.

अक्का मंडळात सगळ्यांत मोठ्या. सोवळं कडक. पूजा होईपर्यंत स्वतःच्या नवऱ्याला, म्हणजे अण्णांनासुद्धा, "तिकडनंच बोला" म्हणणार. आमच्यातल्या प्रत्येक बारशाला बाळ हातात घेऊन "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणायचा मान त्यांचा.

यंदा त्यांच्याच सुनेला, मेघनाला, सातवा महिना होता. डॉक्टरांनी सांगितलं, बाळाला डांग्या खोकला होऊ नये म्हणून घरातल्या मोठ्यांनीही लशीचा बूस्टर घ्यायचा, तोही बाळ यायच्या चांगले दोन आठवडे आधी. मेघना मऊ आवाजात म्हणाली, "आई, मी घेतलाय. तुम्ही नाही घेतलात, तर बाळाला तिकडनंच बघायचं."

अक्का मला म्हणाल्या, "बघ की गं, माझंच सोवळं माझ्यावर!"

मी मनातल्या मनात बनशंकरी देवीला लिंबाच्या दिव्यांचा नवस बोलले.

*

अपॉइंटमेंट मिळाली ती नेमकी राहुकाळात. "सुई, आणि राहुकाळात? नको गं बाई."

मी म्हटलं, "अक्का, बनशंकरीला आपण दिवे राहुकाळातच लावतो. देवीला चालतो, तो तुमच्या दंडाला चालत नाही?"

अक्कांनी खुंटीवरची पिशवी काढली. मग म्हणाल्या, "सरी, चालेल. लिंबं बरोबर घे. तिथनंच देवळात जाऊ."

*

क्लिनिकमध्ये बाही वर करायच्या आधी अक्कांनी कन्नडमध्ये चौकशी केली, "सिस्टर, ह्यात कांदा-लसूण?"

"इल्ला अम्मा, काही नाही."

"आज माझी एकादशी आहे. चालतंय?"

सिस्टर अजिबात हसली नाही. "अम्मा, साबुदाण्यापेक्षा हलकं आहे."

*

अण्णांचा युक्तिवाद वेगळा. ते दंडावरचा लहानपणीच्या लशीचा वण दाखवायचे. मेघनानं समजावलं, "अण्णा, ती दुसऱ्या रोगाची." तर म्हणाले, "एका दंडानं किती रोग सांभाळायचे?"

त्यांचा नंबर आला तेव्हा अण्णा गायब. समोरच्या दर्शिनीत, उभ्याउभ्या खायच्या हॉटेलात, सापडले. उंच टेबलावर बाय-टू, म्हणजे एकीची दोघांत वाटलेली कॉफी, दोन्ही ग्लास त्यांच्याच पुढे.

"दुसरा कुणाचा?" अक्कांनी विचारलं.

"सिस्टरचा. तिला स्वल्प शांत होऊ दे म्हटलं."

अक्कांनी त्यांचा हात धरला तो थेट सुईपर्यंत सोडला नाही. "लग्नानंतर रस्त्यात पहिल्यांदा हात धरला," असं अण्णा अजून सांगतात. सुईचं मात्र सांगत नाहीत.

*

नात झाली. बारशाला अक्का पाळण्यापाशी उभ्या, हातात बाळ, डोळ्यांत पाणी. "गोविंद घ्या" म्हणताना आवाज असा कापला, की "गोपाळ घ्या" आम्हीच पुरं केलं.

मग गुरुजी पुढे आले. घसा खाकरला आणि आशीर्वादासाठी बाळाच्या डोक्याकडे हात नेला. अक्कांनी बाळ पदराखाली घेतलं.

"गुरुजी, बूस्टर झालाय?"

"अहो, आत्ताच आंघोळ करून आलोय. सोवळ्यात आहे मी."

"ते देवासाठी झालं. अक्षता तिकडनंच टाका."

गुरुजींनी मदतीसाठी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी तोवर त्यांचा पाट दारापाशी नेऊन मांडला होता.