माजी सासूबाईंसोबत लालबागच्या मिरची गल्लीत

घटस्फोट झालेल्या बाईने चार दिवस कुठेतरी फिरून यावं, असं सगळ्यांचंच मत पडलं. ऑफिसातल्या मैत्रिणीने हिमाचलचं पॅकेज पाठवलं, मामेबहिणीने दहा दिवसांच्या मौन शिबिराची माहिती. मी गेले लालबागला. तेही सासूबाईंना घेऊन.

झालं असं, की फेब्रुवारीत कागदांवर सह्या झाल्या, मी दादरला भाड्याच्या खोलीत राहायला आले आणि एप्रिल लागताच गिरगावातून त्यांचा फोन. वर्षाचा मसाला करायचाय, तू पण चल, यंदा प्रमाण तुला लिहून देऊन टाकते. त्यांच्या मालवणी मसाल्याचं प्रमाण मी अकरा वर्षं विचारत होते आणि दरवेळी ‘अंदाजाने गो’ एवढंच उत्तर मिळत होतं. त्यामुळे ‘देऊन टाकते’ ऐकून मी मनातल्या मनात हिशोब मांडला. दागिने, भांडी, चादरी, सगळ्याची देवाणघेवाण उरकली होती. एवढंच राहिलं होतं. तेही झालं की आम्हाला भेटायला निमित्त उरणार नव्हतं. नवऱ्याशी माझं पटलं नाही, पण या बाईशी छान पटलं होतं, त्याला मी काय करू?

शनिवारी सकाळी नऊला गिरगावात त्यांच्या चाळीखाली उभी राहिले. वर गेले नाही, वर त्यांचे चिरंजीव होते. सासूबाई दोन स्टीलचे डबे पिशवीत घालून खाली आल्या, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि वाळलीस म्हणाल्या. खरं तर माझं वजन तीन किलो वाढलंय.

जाणाऱ्यांसाठी सूचना: जुने सुती कपडे घाला, मोठा रुमाल घ्या, डोळ्यांत लेन्स नको. दहाच्या आत पोचा, नंतर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. भाव आठवड्याला बदलतात, म्हणून इथे देत नाही. चार दुकानं फिरा आणि पाचव्यात घ्या.

आम्ही बसने निघालो. प्रवासात माझी वेगळीच पंचाईत झाली. कोर्टाने सगळ्याचा निकाल लावला, पण सासूला यापुढे काय हाक मारायची, हे सांगायला विसरलं. ‘आई’ म्हणायचा हक्क गेला असावा. ‘काकू’ म्हणजे शेजारीण. मग मी जुन्या काळच्या बायका नवऱ्याला म्हणायच्या तसं ‘ऐकलंत का’ सुरू केलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि अजिबात ऐकत नव्हत्या.

मिरची गल्लीत शिरलं की आधी शिंका येतात, मग डोळ्यांतून धारा. मुंबईत मनसोक्त रडायला इतकी सोयीची दुसरी जागा नाही, कुणी कारण विचारत नाही. मी त्या सोयीचा थोडा लाभ घेतला. रुमाल काढून बघते तर सासूबाई गायब. ‘ऐकलंत का’ म्हटलं तर तीन दुकानदारांनी वळून पाहिलं. पुढे जाऊन पुन्हा मागे आले. त्यांना बीपीचा त्रास, त्यात हे ऊन, शेवटी मी गल्लीच्या मधोमध “आई” म्हणून ओरडले.

निम्मी गल्ली वळली. समोरच्याच दुकानातून त्या एक बारीक पुडी कमरेला खोचत बाहेर आल्या.

“सकाळपासून घसा बसलेला काय गो तुझा?” त्या म्हणाल्या.

मग दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही मिरच्यांची देठं खुडली. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी. तुझ्यात तिखट कमी घाल म्हणाल्या, आता चिडायला घरात आहे कोण? त्या सांगत गेल्या, मी मोबाइलवर लिहीत गेले: धणे, बडीशेप, दगडफूल, त्रिफळ, सतरा जिन्नस, ग्रॅमसकट. प्रत्येक ओळीला मला वाटत होतं, संपत आलं.

माझ्या एकटीपुरता एक किलो मसाला हवा होता, पण कांडपवाला तीन किलोंच्या आत हात लावत नाही. म्हणून कमी-जास्त तिखटाचा भेद विसरून दोघींचं एकत्रच दिलं. देताना त्यांनी कमरेची पुडी काढून मसाल्यात उलटी केली. काय ते विचारलं, तर काही नाही, असंच.

कांडून व्हायला दोन तास लागतात. तेवढ्यात परळला चालत जाऊन एका खानावळीत बांगड्याचं ताट घ्यावं. सासूबाईंनी बांगड्याच्या कढीचा पहिला घास घेतला आणि मसाला विकतचा आहे, हे मालकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. पुढ्यातलं ताट मात्र पुसून खाल्लं. परत आलो तेव्हा मसाला अजून गरम होता. दोन डब्यांत भरला. त्या टॅक्सीत बसल्या. खोली बघायला चला म्हटलं, तर आज नको म्हणाल्या. टॅक्सी गेल्यावर मी बराच वेळ तिथेच उभी होते.

रविवारी खोलीवर पहिल्यांदाच माशाची कढी केली. तंतोतंत तीच चव. खाता खाता मोबाइलवरची यादी वाचली. सतरा जिन्नस होते, पुडीचा कुठेच पत्ता नव्हता. लगेच फोन लावला.

“ते पुढच्या एप्रिलात सांगेन.”

“अहो आई, पण तुम्ही तर सगळं देऊन टाकणार होतात ना?”

“सगळं दिलं तर तू कशाला येशील गो?” म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

एकट्या माणसाला एक किलो मसाला वर्षभर पुरतो, असं सगळे सांगतात. मी जरा सढळ हातानेच घालतेय.