बायबलबाई आणि काठोकाठ रांजण

आमच्या बायबलबाई जन्मभर एकाच चमत्कारावर बोलल्या. लग्न असो, बारसं असो की मयत, त्या उभ्या राहिल्या की येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला ते काना गावचं लग्न सुरू व्हायचं. आंधळे, लंगडे, वादळ, पाच भाकरी हे सगळं त्यांनी पाळकांसाठी सोडून दिलं होतं. उदगीरकडच्या आमच्या गावात पाळक महिन्यातून एखाद्या रविवारी यायचे. बाकी दिवस मंडळी बाईंच्याच ताब्यात असायची. घरोघर जाऊन बायकांना शुभवर्तमान सांगायचं ही त्यांची नोकरी, म्हणून त्या बायबलबाई. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं.

मी मुदखेडची, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. माझ्या लग्नात बाईंनी तीच गोष्ट सांगितली तेव्हा मला वाटलं, प्रसंगाला धरून आहे. पुढं एक म्हातारा वारला आणि बाईंनी कबरीपाशी उभं राहून पुन्हा वऱ्हाड जेवायला बसवलं. मी पदराआड हसले. तरणी पोरं तर तोंडावर विचारायची, "बाई, येशूनं पुढं कायीच केलं न्हाई का?"

"लई केलं," बाई म्हणायच्या. "पण एवढं तरी कुठं जमलंय तुमाला?"

गंमत म्हणजे त्यांच्या गोष्टीत द्राक्षारस कधी यायचाच नाही. लग्नघरी रस संपला, येशूनं सेवकांना सांगितलं की रांजण पाण्यानं भरा, त्यांनी ते काठोकाठ भरले. इथं बाई थांबायच्या आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू करायच्या. एकदा मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "पुढचं सांगितलं की गल्लीतल्या गड्यांना प्यायला निमित्त घावतंय. अन् पुढचं काम त्याचं हाय, सूनबाई. आपलं काम पाणी भरायचं. कशाला म्हणून इचारायचं न्हाई."

काठोकाठ हा त्यांचा लाडका शब्द. चहा बशीत सांडेपर्यंत ओतायच्या. अर्धी घागर घेऊन चाललेली बाई दिसली की तिला रस्त्यात अडवून बोलायच्या. भरल्या घागरीतलं पाणी हिंदकळू नये म्हणून तोंडाशी लिंबाचा डहाळा घालायची सवय मला त्यांनीच लावली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि काठोकाठ या शब्दाला गावात काही अर्थच उरला नाही. विहिरी एकामागून एक तळाला गेल्या. पाणी राहिलं ते आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारातल्या विहिरीत. तिथं आम्ही आणि शेजारच्या बौद्ध गल्लीतल्या बायका पहिल्यापासून पाणी भरायचो. मोठ्या आळीतल्या लोकांनी त्या विहिरीचा थेंब कधी घेतला नव्हता. आता त्यांच्या बायका खडी फोडायच्या कामावरून परतताना रिकाम्या घागरी घेऊन फाटकाशी उभ्या राहू लागल्या. देवळाच्या कमिटीनं फाटकाला कुलूप लावलं.

किल्ली माझ्या सासऱ्यांच्या, मामंजींच्या कमरेला. मामंजी मनाचे वाईट नव्हते. लहानपणी त्यांनी आपल्या आईला मार खाताना पाहिलं होतं, तेही चारचौघांत. मोठ्या आळीतल्या विहिरीचा दोर तिनं धरला होता, एवढंच. ती विहीर त्या आळीतल्या काशीबाईंच्या सासऱ्यांची होती, आणि फाटकाशी सगळ्यांत पुढं आता काशीबाईच असायच्या. "आपली हीर आटली तरी चालंल," मामंजी म्हणायचे, "पण त्यांच्या घशात न्हाई जायचं हे पाणी." बाई रोज येऊन किल्ली मागायच्या आणि मामंजी रोज नाही म्हणायचे. मी मधे चहा ठेवायची, दोघंही तो संपवायचे.

अशात कापणीचा सण आला. एरवी वेदीपुढं ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या ठेवायच्या आणि प्रार्थना झाली की त्यांचा लिलाव करायचा, अशी रीत. लिलाव पुकारायचा मान मामंजींचा. त्या वर्षी ठेवायला काहीच नव्हतं. बाई म्हणाल्या, "पाणी आणा." प्रत्येक घरानं एकेक घागर आणली आणि वेदीपुढचे रांजण काठोकाठ भरले. फरशीवर ओघळ आला तेव्हा माझा जीव कळवळला.

प्रार्थना संपली आणि मामंजी सवयीनं उठून पुकारून बसले, "बोला, पयला रांजण!" कुणी बोली लावेना. कुणीतरी हसलं. मामंजी गोरेमोरे होऊन तिथंच उभे राहिले.

बाई उठल्या. आम्ही ओळखलंच, काना गावचं लग्न. पण त्या दिवशी त्या नेहमीच्या जागी थांबल्या नाहीत. मामंजींना म्हणाल्या, "अण्णा, सेवकांनी पाणी भरलं ते सोतासाठी न्हाई. वऱ्हाडासाठी भरलं. वऱ्हाड फाटकात उभं हाय."

"माझ्या आयेला त्यांनी..." मामंजींनी दारातून फाटकाकडे बघितलं. मग त्यांनी कमरेची किल्ली सोडली. "उघडा. पण आपुन वाढायचं न्हाई. त्यांनी आमच्या दोरानं, सोताच्या हातानं शेंदायचं."

एके काळी आमच्या बायका त्यांच्या विहिरीपासून दूर उभ्या राहायच्या आणि वरून त्यांच्या भांड्यात पाणी ओतलं जायचं. त्यामुळे या अटीत काय दडलंय ते सगळ्यांना कळलं. बाई मात्र खूश झाल्या. "शेंदू द्या की! पंगतीला ठावं नव्हतं रस कुठून आला. पाणी शेंदणारांना ठावं होतं."

रांजणातलं पाणी फाटकाशीच पोराबाळांना पाजलं. मग काशीबाई विहिरीवर आल्या. आमच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या त्या दोराकडे बघत राहिल्या. शेवटी पदर खोचला आणि पोहरा आत सोडला. घागर भरल्यावर बाईंनी वर लिंबाचा डहाळा ठेवला. विहीर गढूळ झाली पण आटली नाही. बाईंनी त्याला कधी चमत्कार म्हटलं नाही. "झरा हाय," एवढंच म्हणायच्या.

पुढं लातूर जिल्हा झाला. आमची पोरं नव्या कचेऱ्यांत लागली, गावात नळ आले आणि विहिरीवरचा दोर कधी गेला ते कळलंही नाही. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात बाई गेल्या. मातीला लातूरहून नवे पाळक आले. ते पुनरुत्थानावर बोलले, चांगलं बोलले. काना गावाचं नाव निघालं नाही. त्या लग्नावाचून झालेली गावातली ती पहिलीच माती. ज्या पदराआड मी हसले होते त्याच पदराआड रडले.

कबरस्तानाबाहेर पडलो तर दाराशी काठोकाठ भरलेला रांजण, वर लिंबाचा डहाळा. नळ तर आदल्या दिवसापासून कोरडे होते. पाळकांनी हात धुता धुता विचारलं, "हे पाणी कुणी आणलं?" मंडळीत कुणालाच सांगता येईना.

पलीकडे लिंबाखाली काशीबाई बसल्या होत्या, पाठीत वाकलेल्या. शेजारी नव्या दोराचं वेटोळं होतं आणि तळवे लाल झाले होते. मामंजी काठी टेकत तिकडे गेले. आम्ही ख्रिस्ती माणसं एकमेकांना करतो तसा त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "सलाम, काशीबाई."